दोन अक्षरांची चूक आणि तेवीस दिवस (मोठ्या टेक कंपनीतली नोकरी)

टाचणी (धागाकर्ती)

आठ वर्षं तीस-पस्तीस माणसांच्या कंपनीत काढली. तिथे कोड मी लिहायचे, सर्व्हर मी सांभाळायचे, चिडलेल्या ग्राहकाचा फोन मी घ्यायचे आणि प्रिंटरात कागद अडकला तरी मलाच हाक यायची. सात महिन्यांपूर्वी एका अवाढव्य टेक कंपनीत रुजू झाले. नाव सांगत नाही, सांगून काही फरकही पडणार नाही. पगार चांगला, माणसं हुशार, खुर्ची तर अशी की पाठदुखी विसरले. तक्रार म्हणून लिहीत नाहीये, पण एक प्रकार डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

आमच्या प्रॉडक्टमध्ये फाईल डिलीट करताना अडचण आली की एक एरर मेसेज येतो. त्यातल्या एका इंग्रजी शब्दात दोन अक्षरं उलटसुलट पडली होती. म्हटलं, हातासरशी करून टाकू. चार मिनिटांत बदल केला. तो लोकांपर्यंत पोचायला तेवीस दिवस लागले.

कसे, ते ऐका. रिव्ह्यूअर (म्हणजे माझा कोड तपासणारा) दुसऱ्या टाइमझोनमधला, मी झोपले की तो उठतो. त्याची पहिली कॉमेंट: टेस्ट (कोड नीट चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्राम) फेल होतेय. बघते तर टेस्टमध्येही तोच चुकीचा शब्द टाकलेला. ती सुधारली. मग कळलं की हा 'युजरला दिसणारा मजकूर', म्हणजे भाषांतराच्या टीमकडे जायला हवा, कारण मूळ वाक्य बदललं की सिस्टिम चाळीस भाषांमधली भाषांतरं शिळी समजते. त्यांची खेप पंधरवड्यातून एकदा निघते. आदल्याच दिवशी निघून गेली होती. दरम्यान कुठल्यातरी भलत्याच टीममधल्या बाईंचा मेसेज आला, "प्लीज हा शब्द बदलू नका!" त्यांची एक स्क्रिप्ट लॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) नेमका तोच चुकीचा शब्द शोधून अलार्म वाजवायची. मी चूक सुधारली असती तर अलार्म कायमचा मुका झाला असता. ज्यानं ती स्क्रिप्ट लिहिली त्याला चूक दिसली असणारच ना? दिसली, आणि त्यानं ती तशीच उचलली! मग त्यांनी आधी दोन्ही स्पेलिंगं चालतील असं करून घेतलं. शेवटी 'मजकूर-मान्यता' नावाचा एक टप्पा लागला. तिथे पाच दिवस काहीच हललं नाही आणि सहाव्या दिवशी आपोआप हिरवी खूण उमटली. कोणी दिली, कोण जाणे. मग रोलआउट: आधी एक टक्का लोकांना, मग दहा, मग सगळ्यांना.

जुन्या कंपनीत तेवीस दिवसांत मी अख्खं बिलिंग मॉड्यूल लिहिलं होतं. (त्यात बग होते. मान्य.)

सगळीकडे असंच असतं का? आणि दोन-तीन वर्षं असं काम केलं की काही बनवायचंच विसरायला होतं का?

ठिपका

सात महिन्यांत बदल प्रॉडक्शनला, म्हणजे वापरणाऱ्यांपर्यंत, गेलासुद्धा? अभिनंदन. माझे पहिले दोन महिने नुसता ॲक्सेस मागण्यात गेले होते.

वाचतेय.

जुनाकंदील

टाचणी, त्या स्क्रिप्टवाल्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

तुम्ही जे पाहिलंत त्याला आमच्या धंद्यात 'हायरमचा नियम' म्हणतात, गूगलमधल्या हायरम राइट या इंजिनिअरच्या नावानं. वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या सिस्टिमचं जे जे वागणं बाहेरून दिसतं, त्या प्रत्येकावर कोणीतरी विसंबून असतं. तुम्ही कागदावर काय कबूल केलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. चुकीचं स्पेलिंगसुद्धा त्यात आलं. लिंकवर टिचकी मारली की ब्राउझर पुढच्या साइटला मागच्या पानाचा पत्ता सांगतो, त्या हेडरचं नाव 'रेफरर'. त्याच्या स्पेलिंगमधला एक 'आर' गळलेला आहे. १९९६ साली एचटीटीपी १.० चा (ब्राउझर आणि साइट यांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्या नियमांचा) दस्तऐवज आला तेव्हा तो तसाच छापला गेला आणि आजही जगभरचे ब्राउझर इमानेइतबारे तेच चुकीचं स्पेलिंग पाठवतात. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नवी फाईल तयार करणाऱ्या कॉलचं नाव 'क्रिएट', शेवटचा 'ई' नसलेलं. त्याला तर अर्धं शतक उलटून गेलं. त्या मानानं तुमची कंपनी वेगवानच म्हणायची.

गंमत बाजूला ठेवतो. सतरा वर्षं झाली मला या धंद्यात, तीन मोठ्या कंपन्या पाहिल्या. 'मोठी' म्हणजे काय, हे बाहेरून नीट लक्षात येत नाही. गूगलच्या लोकांनी २०१६ मध्ये एक लेख छापला होता, त्यात २०१५ च्या सुरुवातीचा हिशोब आहे: एकाच रिपॉझिटरीत (कोडच्या कोठारात) कोडच्या सुमारे २ अब्ज ओळी, ८६ टेराबाइट, आणि त्यात हात घालणारे २५ हजारांवर इंजिनिअर. कामाच्या एका दिवशी माणसांनी केलेले १६ हजार बदल, वर यंत्रांनी आपणहून केलेले २४ हजार. तुमच्या त्या दोन अक्षरांना अशा गर्दीतून वाट काढायची होती.

आणि वाटेतले अडथळे कोणी गंमत म्हणून टाकलेले नसतात. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस-थ्री स्टोरेजवर (असंख्य साइट आपल्या फाईली तिथेच ठेवतात) काम करणाऱ्या एका इंजिनिअरला बिलिंगच्या सिस्टिममधले थोडेसे सर्व्हर काढायचे होते. कमांड देताना काहीतरी चुकीचं टाइप झालं, भलतेच जास्त सर्व्हर निघाले, आणि तासन्‌तास निम्मं इंटरनेट आडवं. त्यातही मला कायम आठवतं ते हे: 'आमची सेवा बंद आहे' असं सांगणारं त्यांचं स्टेटस पान सुरुवातीला बदलताच येईना, कारण ते पान चालवणारी यंत्रणा एस-थ्रीवरच उभी होती. नंतर कंपनीनं सविस्तर अहवाल काढला. ते टूल आता सर्व्हर हळूहळू काढतं आणि ठरावीक संख्येच्या खाली जाऊच देत नाही, असं त्यात लिहिलंय. आज तिथे रुजू होणारा पोरगा म्हणत असेल, काय हे संथ टूल!

अर्धविराम

कंदीलराव, अर्ध्याशी सहमत. उरलेल्या अर्ध्याला तुम्ही फार सोज्वळ करून टाकलंत.

सगळेच टप्पे अपघातातून आलेले नसतात, काही प्रमोशनमधून येतात. मोठ्या कंपनीत वरची पायरी हवी असेल तर 'इम्पॅक्ट' दाखवावा लागतो, आणि जे नीट चालू आहे ते नीट चालू ठेवलं हा इम्पॅक्ट धरला जात नाही. नवीन काहीतरी लाँच केलं, दहा टीमना ते वापरायला लावलं, हा धरला जातो. मग माणसं काय करणार? मीही तेच केलं.

माझी गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव विचारू नका. कॉन्फिगरेशन (सिस्टिमच्या सेटिंग्ज) साठवायची आमची जुनी पद्धत होती, कुरूप पण बिनतक्रार. मी बावीस पानी डिझाइन डॉक्युमेंट लिहिलं, नवी सिस्टिम बांधली आणि चौदा टीमना तिकडे हलवलं. प्रत्येक टीमचे दोन-तीन आठवडे खाल्ले. प्रमोशन मिळालं. अडीच वर्षांनी दुसऱ्या एकानं 'कॉन्फिगरेशनचं सुलभीकरण' नावाचा प्रोजेक्ट काढून त्याच चौदा टीमना परत जवळजवळ जुन्या पद्धतीवर आणलं. त्यालाही प्रमोशन मिळालं. त्याचं डॉक्युमेंट रिव्ह्यू करायला माझ्याकडेच आलं होतं. मी मान्यता दिली, काय करणार.

वापरणाऱ्यांनाही हे दिसतं. गूगलचं रीडर (वेगवेगळ्या साइटवरचं नवं लेखन एका जागी वाचायची सोय) माणसं आवडीनं वापरत होती, ते १ जुलै २०१३ ला बंद केलं. चॅटचं ॲलो २०१६ मध्ये आलं नि २०१९ च्या मार्चमध्ये गेलं. आतली कारणं वेगवेगळी असतील, पण नव्याला बक्षीस आणि जुन्याला कोणी वाली नाही असं झालं की असंच होणार.

टाचणी, तुमचा तो 'मजकूर-मान्यता' टप्पा आहे ना, मला वास येतोय. जरा खणून बघा.

ठिपका

"मी मान्यता दिली, काय करणार." हहपुवा (हसून हसून पुरे वाट).

नवीनभरती

मी अजून शिकतोय, पुढच्या वर्षी कॅम्पस. धागा वाचून जरा घाबरलो. दोन बाळबोध प्रश्न: पगाराबरोबर शेअर देतात ते नक्की कसं असतं? आणि ऑनकॉल म्हणजे रात्रभर जागायचं का?

अर्धविराम

शेअरचं मी सांगतो, ऑनकॉलचं कोणीतरी अनुभवी सांगेल.

ऑफर लेटरवर शेअरचा आकडा दिसतो तो पहिल्या दिवशी तुझा नसतो. साधारण चार वर्षांत तुकड्या-तुकड्यानं मिळतो. पुष्कळ ठिकाणी पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काहीच नाही. अकराव्या महिन्यात सोडलंस तर शून्य. ॲमेझॉनचं जुनं गणित प्रसिद्ध आहे: पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५, मग पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी २०. म्हणजे मोठा घास शेवटी. मधली कमतरता सुरुवातीला रोख बोनस देऊन भरतात. दरवर्षी वरून थोडे नवे शेअरही मिळतात, त्यांचीही चार वर्षं. त्यामुळे कधीही सोडायचं म्हटलं तरी काहीतरी मागे राहतंच. 'मार्चमधला हप्ता घेतो आणि निघतो' हे वाक्य मी एकाच माणसाच्या तोंडून सलग पाच वर्षं ऐकलंय. अजून आहे तो.

खिडकीपाशी

ऑनकॉलबद्दल मी लिहिते.

रात्रभर जागायचं नसतं. आठवडाभर फोन उशाशी ठेवून झोपायचं असतं, आणि ती झोप झोपेसारखी नसते. आमची पाळी सहा आठवड्यांतून एकदा येते. त्या आठवड्यात मी अंघोळीलाही फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेते. हसू नका, पंधरा मिनिटांत उत्तर दिलं नाही तर पुढचा कॉल मॅनेजरला जातो.

एकदा पहाटे तीन-दहाला वाजला. डोळे चोळत लॅपटॉप उघडला, व्हीपीएन लावलं, टोकनचा आकडा दोनदा चुकीचा टाकला, तिसऱ्यांदा आत गेले. एका रांगेत मेसेज साचत चालले होते, आलेखाची रेघ सरळ आभाळाकडे. अशा वेळी काय करायचं याची एक मार्गदर्शिका असते, रनबुक म्हणतात. ती उघडली. पहिल्या चार पायऱ्या केल्या, रेघ हटेना. पाचव्या पायरीवर एका माणसाचं नाव आणि 'याला फोन करा' एवढंच. फोन लावला. उचलला एका झोपाळू, पण अतिशय सभ्य माणसानं. म्हणाला, "मी नोकरी सोडून वर्ष झालं हो." फोन ठेवायच्या आत त्यानंच विचारलं, "रांग साचलीये का? बावीस नंबरचा वर्कर बघा, तोच अडतो नेहमी." (वर्कर म्हणजे रांगेतले मेसेज उचलून हाताळणारा प्रोग्राम.) बघितलं. तोच होता.

सकाळी पोस्टमॉर्टेम, म्हणजे काय बिघडलं याचा अहवाल, लिहिलं. चांगल्या टीममध्ये त्यात 'कोणी चुकवलं' असं लिहीत नाहीत, 'सिस्टिमनं चुकू कसं दिलं' असं लिहितात. ऐकायला पुस्तकी वाटतं, पण हे नसेल तर लोक चुका लपवतात आणि मग तीच चूक तीन वेळा होते. पाचव्या पायरीवर आता माणसाचं नाव नाही, बावीस नंबर आहे.

नवीनभरती, मुलाखतीत एक नक्की विचार: ऑनकॉलच्या आठवड्यात साधारण किती वेळा फोन वाजतो? आकडा सांगता आला नाही तर समजून जा. गूगलच्या एसआरई लोकांनी (सेवा चालू ठेवायची जबाबदारी असलेल्या इंजिनिअरांनी) स्वतःसाठी नियमच केलाय, असलं विस्तव विझवायचं काम एकूण वेळाच्या निम्म्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, उरलेल्या वेळात मुळावर इलाज करायचा. नियम पाळला जातो की नाही ते टीम-टीमवर आहे, पण निदान मोजतात तरी.

पाटीपेन्सिल

मी मॅनेजर आहे. आता मारा दगड.

वरच्या कोणीच कॅलिब्रेशनबद्दल लिहिलं नाही. वर्षातून एकदा-दोनदा आम्ही मॅनेजर लोक एका खोलीत बसतो, प्रत्येकाच्या टीमची नावं पडद्यावर येतात आणि कोणाला कुठलं रेटिंग द्यायचं यावर चर्चा होते. गेल्या खेपेला त्रेचाळीस नावं आणि चार तास. हिशोब करा, माणशी साडेपाच मिनिटं. पहिल्या दहा नावांवर भांडणं झाली, शेवटच्या दहांना कोणी 'पुढे, पुढे' म्हणत होतं.

पूर्वी याहून वाईट होतं. मायक्रोसॉफ्टमध्ये रेटिंगचं ठरीव वाटप असायचं, म्हणजे टीममध्ये सगळे उत्तम असले तरी कोणालातरी तळाला ढकलायचंच. २०१३ च्या नोव्हेंबरात त्यांनी ती पद्धत मोडीत काढली. कागदावर अशी सक्ती आता बऱ्याच ठिकाणी नाही, पण 'एवढे सगळे अव्वल कसे?' हा प्रश्न वरून येतोच.

त्या खोलीत तुमचं काम नसतं, तुमच्या कामाबद्दल माझ्या हातात असलेले चार मुद्दे असतात. माझ्याकडे एक मुलगी होती, अतिशय चांगली इंजिनिअर. दुसऱ्या टीमचे तीन मोठे आउटेज (सेवा बंद पडायचे प्रसंग) तिनं वेळीच ओळखून टाळले होते. टळलेल्या आउटेजचा अहवाल नसतो. तिनं लिहून ठेवलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. शेजारच्या मॅनेजरकडे आलेख होते, माझ्याकडे 'ती फार चांगली आहे' एवढंच. मधलं रेटिंग मिळालं. चार महिन्यांनी ती गेली. चूक माझी होती आणि ती सुधारायला उशीर झाला होता.

तेव्हापासून माझ्या टीममध्ये दर शुक्रवारी दहा मिनिटं: आठवड्यात काय केलं, कोणाला उपयोग झाला, तीन ओळी लिहायच्या. स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं वाटतं सगळ्यांना. वाटू दे.

जुनाकंदील

पाटीपेन्सिल, दगड ठेवून दिला.

टाचणींच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, 'बनवायचं विसरतो का?' थोडं विसरतो. मोठ्या कंपन्यांत जवळजवळ प्रत्येक हत्यार घरचं असतं. कोड बांधायचं, चालवायचं, शोधायचं, सगळं. गूगलमध्ये प्रोग्राम हजारो मशीनवर वाटून चालवणारं बोर्ग आहे, बाहेर त्याच अनुभवातून आलेलं कुबरनेटीज २०१४ पासून. कोड बांधणाऱ्या आतल्या ब्लेझचं बाहेरचं भावंड बेझल. सात-आठ वर्षं आत राहून बाहेर पडलेला माझा एक मित्र साधं गिट (कोडमधले बदल नोंदवायचं बाहेर सगळे वापरतात ते टूल) शिकायला यूट्यूबसमोर बसला होता, बारा वर्षांच्या अनुभवाचा माणूस. पण त्याला जे येत होतं ते नव्या कंपनीतल्या कोणालाच येत नव्हतं: हा बदल केला तर काय काय मोडेल, हे कोड लिहायच्या आधी सांगणं.

ठिपका

सगळे इतकं बोलताहेत तर मीही एक लिहिते. नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ आठवतंय ना? मेटा ११ हजार, ॲमेझॉन १८ हजार, मायक्रोसॉफ्ट १० हजार, गूगल १२ हजार. आमची कंपनीही त्या लाटेत होती. बुधवारी रात्री मी एक बदल रिव्ह्यूला पाठवला होता, आमच्या टीममधल्या सर्वांत जुन्या सहकाऱ्याकडे. गुरुवारी सकाळी चॅटमध्ये त्याचं नाव राखाडी. वाटलं, सुट्टीवर असेल. रिव्ह्यू उघडला तर त्याच्या नावाच्या जागी 'युजर सापडला नाही' असं लाल अक्षरात. अकरा वर्षं होता तो तिथे. त्याची शेवटची कॉमेंट अजून तिथेच होती: 'नाव चांगलं ठेवलंयस, फक्त हे फंक्शन दोनात तोड.'

तोडलं मी ते. मान्यता कोणाकडून घ्यायची ते सिस्टिमला तीन आठवडे ठरवता आलं नाही.

खिडकीपाशी

ठिपका... काही लिहवत नाही.

टाचणी (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. ठिपका, तुमचं वाचून लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसती बसले.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या. पहिली, कंदीलरावांच्या बाजूची. भाषांतराच्या टीमनं त्या पंधरवड्यात मला एक प्रश्न पाठवला होता, मी तेव्हा वैतागून घाईत उत्तर दिलं होतं. आज परत वाचला. त्यांच्या भाषांतरकारानं विचारलं होतं, "फाईल 'डिलीट झाली नाही' म्हणताय, पण स्क्रीनशॉटमध्ये ती यादीतून गेलेली दिसते. मग नक्की झाली की नाही?" खरंच की! फाईल कचरापेटीत जाते, फक्त कायमची पुसली जात नाही. मेसेजचा अर्थच चुकीचा होता, किती वर्षं कोण जाणे. मी दोन अक्षरं बघत बसले होते. आता पूर्ण वाक्य बदलतेय, आणि ते खेपेच्या आदल्या दिवशी पाठवलंय, शिकले तेवढं.

दुसरी, अर्धविरामांच्या बाजूची. खणलं. 'मजकूर-मान्यता' टीम चार वर्षांपूर्वी बनली होती आणि दोन रीऑर्गच्या (टीमच्या फेररचनांच्या) आधीच बरखास्त झाली. आता तिथे माणूसच नाही. पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर आपोआप मान्य, अशी एक ओळ कॉन्फिगरेशनमध्ये आहे. म्हणजे चाळीस-पन्नास टीमचा प्रत्येक मजकूर पाच दिवस कोणाचीच वाट बघत थांबतो.

तो टप्पा काढून टाकणारा बदल सोमवारी पाठवला. पण त्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये टप्प्याचं वर्णन म्हणून एक वाक्य आहे आणि सिस्टिम त्याला मजकूर समजते. त्यामुळे बदल मजकूर-मान्यतेत अडकलाय. आज तिसरा दिवस.